घरच्या दुधाचे श्रीखंड : पाणी काढा, साखर मोजा, स्वच्छता पाळा



गुढीपाडवा आणि दसरा या दोन सणांना आपल्याकडे श्रीखंड-पुरीचे ताट ठरलेले असते. अलीकडे बहुतेक घरांत हे श्रीखंड दुकानातून डब्यात येते. गोठ्यात दोन म्हशी आहेत, रोज आठ-दहा लिटर दूध केंद्रावर जाते आणि त्याच घरात सणासाठी श्रीखंडाचा डबा विकत आणला जातो, असे चित्र हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील गावांत दिसते. वास्तविक श्रीखंडाला भट्टी लागत नाही, पाक करावा लागत नाही, मोठे यंत्रही लागत नाही. एकदा दूध तापवून घेतले की पुढचे सारे काम विरजण, स्वच्छ फडके आणि वेळ यांचे आहे.

मात्र हा पदार्थ सोपा आहे म्हणून तो कसाही केला तरी चालतो, असे नाही. घरी केलेले श्रीखंड पातळ होते, आंबट लागते, दोन दिवसांत वास मारते, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. विक्रीसाठी केलेल्या मालात अशी चूक झाली तर सणाची कमाई आणि गिऱ्हाईक दोन्ही जातात. यातील बहुतेक तक्रारींचे मूळ दोन गोष्टींत सापडते. चक्क्यात पाणी राहिलेले असते, किंवा दूध तापवल्यानंतर हाताळणीत अस्वच्छता झालेली असते. या लेखात कृतीबरोबरच या दोन्ही गोष्टींचा हिशोब दिला आहे.

श्रीखंड म्हणजे काय?

दूध विरजले म्हणजे त्यातील जिवाणू दुधातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. आम्लता वाढत जाऊन सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन साकळते आणि दही लागते. हे दही फडक्यात बांधून टांगले की निवळी गळून जाते. स्निग्धांश आणि बहुतेक प्रथिने फडक्यात राहतात. त्यालाच आपण चक्का म्हणतो. चक्क्यात साखर मिसळून तो एकजीव केला की श्रीखंड तयार होते. जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘शिखरिणी’ या नावाने दह्या-साखरेचा असा पदार्थ येतो.

हे तत्त्व जगभर वापरले जाते. जर्मनीत क्वार्क आणि अरब देशांत लबने हे याच जातीचे पदार्थ आहेत. अमेरिकेत १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर या गावी विल्यम लॉरेन्स यांनी साय घातलेल्या दुधापासून क्रीम चीज करण्यास सुरुवात केली. आज तिकडे त्यातच साखर घोटून बिस्किटाबरोबर किंवा फळाच्या फोडींबरोबर खातात. आपण पुरीचा घास श्रीखंडात बुडवून खातो. फरक चवीचा आणि सोबतीचा आहे. दूध साकळवायचे आणि पाणी काढून टाकायचे, ही मूळ क्रिया एकच आहे. बडोद्याच्या सुगम डेअरीने श्रीखंडाचे यांत्रिक उत्पादन सुरू केले, तेव्हा चक्का वेगळा करण्यासाठी क्वार्कच्याच यंत्राचा उपयोग केला.

चक्क्याची सुरुवात वैरणीपासून

फडक्यात काय राहणार हे दुधात काय आहे यावर ठरते आणि दुधात काय आहे हे बऱ्याच अंशी गव्हाणीवर अवलंबून असते. जनावराच्या कोठीपोटात तंतुमय वैरणीपासून ॲसिटिक आम्ल तयार होते आणि त्यातून दुधाचा स्निग्धांश बनतो. केवळ कोवळा हिरवा चारा किंवा फार भरडा दिल्यास दूध दिसायला वाढते, पण फॅट उतरते. म्हणून हिरव्या वैरणीबरोबर ज्वारीचा कडबा कुट्टी करून अवश्य द्यावा. रब्बी ज्वारीचे परभणी मोती, परभणी ज्योती यांसारखे वाण धान्याबरोबर कडब्यासाठीही उपयोगी आहेत. सोयाबीन व तुरीचे भुसकट आपल्या जिल्ह्यात भरपूर निघते. बुरशी न लागलेले भुसकट कडब्यात मिसळून वापरावे. एकदल हिरव्या वैरणीस लसूण घासासारख्या द्विदल वैरणीची जोड द्यावी. वैरणीत कोणताही बदल एकदम न करता आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करावा.

मराठवाडी म्हशीचे दूध चक्क्यासाठी उत्तम असते. देवणी आणि लाल कंधारी गाईंच्या दुधाचाही चक्का चांगला होतो, मात्र म्हशीच्या दुधापेक्षा उतारा कमी पडतो.

दुधाची निवड

पुढील प्रकारचे दूध चक्क्यासाठी वापरू नये.

१) कासदाह झालेल्या जनावराचे दूध. धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घ्याव्यात. गुठळ्या किंवा चिकट कण दिसल्यास ते दूध बाजूला काढावे आणि पशुवैद्यकास दाखवावे.

२) प्रतिजैविकांचे उपचार चालू असलेल्या जनावराचे दूध. औषधाचा अंश दुधात उतरतो आणि विरजणाचे जिवाणू मारतो. दही लागत नाही, पातळ राहते. पशुवैद्यक सांगतील तितके दिवस असे दूध कोणत्याही खाण्याच्या कामासाठी वापरू नये.

३) आंबूस लागलेले किंवा टिकावे म्हणून खाण्याचा सोडा घातलेले दूध. केंद्रावरून परत आलेल्या दुधाचा चक्का करू, हा विचार सोडून द्यावा. वाईट दुधाचा चांगला चक्का होत नाही.

४) पाणी घातलेले दूध. पाण्यामुळे चक्का कमी पडतो आणि फडक्यातून गळतीही अधिक वेळ चालते.

कृती

अ) दूध तापवणे. ताजे दूध स्वच्छ फडक्यातून गाळून जाड बुडाच्या पातेल्यात तापवावे. उकळी आल्यावर आच मंद करून, सतत ढवळत आणखी सात-आठ मिनिटे ठेवावे. यामुळे रोगजंतू मरतात. दुसरा फायदा असा की, एरवी निवळीबरोबर वाहून जाणारी काही प्रथिने तापल्यामुळे केसीनला चिकटतात. त्यामुळे दही घट्ट लागते आणि चक्क्याचा उतारा वाढतो. जी घरे फक्त एक उकळी आणून दूध उतरवतात, त्यांची यातील काही प्रथिने निवळीत जातात.

ब) विरजण लावणे. दूध झाकून, पातेले थंड पाण्यात ठेवून लवकर कोमट करावे. उन्हाळ्यात ३० अंश सेल्सिअस आणि थंडीत ३७ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत ते निववावे. तापमापक नसल्यास दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहावा. उन्हाळ्यात तो ना गरम ना गार लागावा, थंडीत किंचित ऊबदार लागावा. विरजण ताजे, घट्ट आणि गोडसर दह्याचे घ्यावे. उन्हाळ्यात लिटरमागे १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, आणि थंडीत २० ग्रॅम पुरते. विरजण थोड्या दुधात फेटून मग सर्व दुधात मिसळावे. जुने, आंबट किंवा तार सुटणारे विरजण वापरू नये.

क) दही कधी उतरवावे? मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पाच ते सात तासांत दही लागते. डिसेंबर-जानेवारीत बारा ते चौदा तासही लागतात. पातेले हलके कलते केल्यावर दही कडेपासून एकसंध सुटले आणि वर निवळी फारशी आली नाही, म्हणजे दही तयार झाले. त्यानंतर ते उबेत ठेवू नये. दही लागल्यावरही जिवाणूंचे काम चालूच असते. दोन-तीन तासांच्या दिरंगाईने चक्का आंबट होतो आणि मग तो गोड करण्यासाठी साखर वाढवावी लागते. दही लागताच पातेले थंड पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवावे.

ड) टांगणे. मलमलीचे किंवा जुन्या सुती धोतराचे फडके पाण्यात दहा मिनिटे उकळून, पिळून घ्यावे. साबणाचा अंश त्यात राहू देऊ नये. दही न ढवळता, डावाने मोठ्या थरांनी फडक्यात काढावे, कारण घुसळलेल्या दह्याचे बारीक कण निवळीबरोबर जातात. चारी पदर बांधून गाठोडे थंड, धूळ व माशा नसलेल्या जागी खुंटीला टांगावे आणि खाली झाकणाचे भांडे ठेवावे. चार तासांनी गाठोडे सोडून, कडेचा घट्ट झालेला थर स्वच्छ उलथन्याने मध्ये आणावा आणि पुन्हा बांधावे. एकूण आठ ते दहा तासांनी गळती जवळपास थांबते. शेवटी गाठोडे उतरत्या पाटावर ठेवून त्यावर ताट आणि दोन-तीन किलो वजन तासभर ठेवावे.

इ) वेळेचे नियोजन. पाडव्याला सकाळी श्रीखंड हवे असेल तर आदल्या दिवशी सकाळी आठ-नऊला विरजण लावावे. दुपारी तीनच्या सुमारास दही तयार होईल. ते थंड करून संध्याकाळी सातला टांगावे. रात्रीच्या गारव्यात निवळी गळते आणि पहाटे चक्का हाती येतो. भर दुपारी, चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, दही टांगू नये. थंडीत मात्र संध्याकाळी विरजून सकाळी टांगणे सोयीचे पडते.

चक्क्याचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. चक्का पुरेसा निथळला की नाही, हे हाताला लागणाऱ्या घट्टपणावरून नीट कळत नाही. त्यासाठी ताणकाटा वापरावा. दूध संकलन केंद्राच्या पावतीवर आपल्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ लिहिलेले असते. त्यावरून चक्का किती यावा याचा अंदाज बांधता येतो.

म्हशीचे दूध १० लिटर, फॅट ६ आणि एसएनएफ ९ असल्यास, सुमारे ३.६ किलो चक्का यावा.

गाईचे दूध १० लिटर, फॅट ४ आणि एसएनएफ ८.५ असल्यास, सुमारे २.७ किलो चक्का यावा.

हे आकडे चक्क्यात ३० टक्के घनपदार्थ धरून काढले आहेत. अन्न सुरक्षा व मानके नियमांत चक्क्यासाठी किमान ३० टक्के घनपदार्थांचीच अट आहे. प्रत्यक्षात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडू शकतो. परंतु म्हशीच्या १० लिटर दुधातून ४.५ किलो चक्का निघाला, तर ‘उतारा चांगला पडला’ असे समजू नये. त्यात जवळपास एक किलो निवळी अडकलेली आहे आणि घनपदार्थ २५-२६ टक्क्यांवर आलेले आहेत. याउलट चक्का ३ किलोच भरला आणि तो कोरडाही नसेल, तर दूध कसदार नव्हते किंवा चक्का फडक्यातून गेला, असा अर्थ होतो.

साखर किती घालावी?

श्रीखंडासाठी नियमांतील मुख्य अटी अशा आहेत. एकूण घनपदार्थ किमान ५८ टक्के असावेत. पाणी वगळून राहणाऱ्या कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ८.५ टक्के, दुधाची प्रथिने किमान ९ टक्के आणि साखर जास्तीत जास्त ७२.५ टक्के असावी. लॅक्टिक आम्लाच्या रूपात आम्लता १.४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी.

या अटींच्या कसोटीवर घरची तीन प्रमाणे तपासून पाहू.

पहिले प्रमाण : चांगला निथळलेला चक्का १ किलो आणि साखर ७५० ग्रॅम. चक्क्यातील ३०० ग्रॅम आणि साखर ७५० ग्रॅम मिळून घनपदार्थ १,०५० ग्रॅम झाले. एकूण वजन १,७५० ग्रॅम. म्हणजे घनपदार्थ ६० टक्के. कोरड्या भागात साखर ७१.४ टक्के. दोन्ही अटी पुऱ्या होतात.

दुसरे प्रमाण : तोच चक्का १ किलो आणि साखर १ किलो. आपल्याकडे ‘चक्क्याइतकी साखर’ हे प्रमाण फार रूढ आहे. येथे घनपदार्थ ६५ टक्के होतात, पण कोरड्या भागात साखर जवळपास ७७ टक्के होते. हे प्रमाण मर्यादेबाहेर जाते.

तिसरे प्रमाण : ओला चक्का १ किलो, त्यात घनपदार्थ २५ टक्के. साखर ७०० ग्रॅम घातली तर घनपदार्थ ५६ टक्क्यांच्या आतच राहतात. साखर ८०० ग्रॅम केली तर घनपदार्थ ५८ च्या वर जातात, पण साखर ७६ टक्के होते. म्हणजे ओल्या चक्क्यात साखर कमी घालून भागत नाही आणि जास्त घालूनही भागत नाही. चक्क्यातले पाणी फडक्यातूनच गेले पाहिजे. साखरेने ते झाकले जात नाही.

यावरून साधा नियम असा ठेवावा : निथळलेल्या चक्क्याच्या एक किलोस ७०० ते ७५० ग्रॅम साखर. घरी खाण्यासाठी कोणी साखर याहून कमी घालील तर हरकत नाही, मात्र असे श्रीखंड दोन-तीन दिवसांत संपवावे. साखर श्रीखंडातील पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे जंतूंना ते सहजी मिळत नाही. लोणच्यात मीठ जे काम करते, ते येथे साखर करते.

एकजीव करणे

चक्का आणि साखर हाताने किंवा स्वच्छ डावाने मिसळून, झाकून एक तास थंड जागी ठेवावे. तेवढ्यात साखर विरघळते आणि मिश्रण सैल होते. मग ते पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावे. मिक्सरचा उपयोग टाळावा, कारण जोराने फिरवल्यास चक्क्याची घडण मोडून श्रीखंड पातळ होते आणि लोणी सुटण्याची भीती राहते. शेवटी वेलची पूड, किंचित जायफळ आणि कोमट दुधात खललेले केशर घालावे. चारोळी किंवा बदामाचे काप घालायचे असल्यास आधी हलके भाजून, थंड करून घालावेत. केशरासाठी घ्यायचे दूध उकळून निवलेले आणि चमचाभरच असावे.

आम्रखंड करताना आमरसातील पाण्याचा विसर पडू नये. एक किलो चक्का आणि ७५० ग्रॅम साखरेस २०० ग्रॅम आमरस मंद आचेवर १०० ग्रॅमपर्यंत आटवून, पूर्ण थंड करून मिसळावा. कच्चा रस तसाच घातल्यास श्रीखंड पातळ होते आणि आंब्याच्या सालीवरचे यीस्ट त्यात जाऊन लवकर फुगते.

पुन्हा आच नाही, म्हणून स्वच्छता

भाजी, खीर, खवा यांत काही दोष राहिला तरी शेवटी उकळी त्यातील जंतू बऱ्याच अंशी मारते. श्रीखंडात ती सोय नाही. दूध तापवून खाली उतरवल्यापासून ताटात वाढेपर्यंत त्याला पुन्हा आच लागत नाही. या मधल्या चोवीस तासांत हातातून, फडक्यातून, चमच्यातून किंवा माशीच्या पायातून जे आत जाईल ते आतच राहते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) काम करण्यापूर्वी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. हाताला जखम, गळू असल्यास किंवा जुलाब, सर्दी-ताप असल्यास त्या व्यक्तीने हे काम करू नये.

२) फडके, डाव, पुरणयंत्राची चकती आणि डबे उकळत्या पाण्यातून काढावेत. पुरणयंत्राच्या चकतीच्या भोकांत मागच्या खेपेचे कण अडकलेले असतात. ती आधी ब्रशने घासावी.

३) दही टांगलेली जागा गोठ्यापासून दूर असावी. गाठोड्यावर दुसरे कोरडे स्वच्छ फडके पांघरावे.

४) स्टीलची किंवा चिनी मातीची भांडी वापरावीत. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये.

५) तयार श्रीखंड लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. घरी केलेले श्रीखंड फ्रीजमध्ये आठ दिवसांच्या आत संपवावे. उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यास त्याच दिवशी वापरावे. वीज तासन् तास जात असेल तर तेवढा भरवसा फ्रीजवरही ठेवू नये.

६) काढताना कोरडा चमचा वापरावा. वर बुडबुडे, बुरशीचे ठिपके, दारूसारखा किंवा कडवट वास आल्यास वरचा थर काढून उरलेले खाऊ नये, सर्व टाकून द्यावे.

अडचणी आणि उपाय

दही लागले नाही : विरजण जुने होते, दूध फार गरम असताना विरजण घातले, थंडी जास्त होती किंवा दुधात औषधाचा अंश अथवा सोडा होता.

चक्का रवाळ झाला : दही फार वेळ उबेत राहून आंबले किंवा टांगण्यापूर्वी घुसळले गेले.

श्रीखंडाला पाणी सुटले : चक्का पुरेसा निथळला नव्हता किंवा साखर पूर्ण विरघळण्यापूर्वीच डबे भरले.

श्रीखंड आंबट लागते : दही उतरवण्यास उशीर झाला किंवा ते दिवसाच्या उन्हात टांगले. अशा चक्क्यात साखर वाढवत बसण्यापेक्षा त्याची कढी किंवा थालीपीठ करावे आणि पुढच्या खेपेस वेळ सांभाळावी.

बाजारातून आणलेला चक्का फार गुळगुळीत वाटतो : त्यात स्टार्च मिसळल्याची शंका असल्यास थोडा चक्का पाण्यात उकळून, थंड करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास पीठ किंवा स्टार्च आहे असे समजावे. तपासलेला नमुना फेकून द्यावा.

निवळी वाया घालवू नका

१० लिटर दुधातून सहा-साडेसहा लिटर निवळी निघते. तिचा हिरवट पिवळा रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा आहे. तिच्यात दुधातील साखर, खनिजे आणि थोडी प्रथिने असतात. ताजी निवळी पुरीची किंवा थालीपिठाची कणीक मळण्यासाठी, कढीसाठी, तसेच जिरे-मीठ घालून पिण्यासाठी वापरावी. उरलेली निवळी त्याच दिवशी जनावरांना आंबोणात थोडी थोडी द्यावी. एकदम बादलीभर पाजल्यास पोट बिघडते. नालीत, आडाजवळ किंवा एकाच झाडाच्या बुंध्याशी ती ओतू नये. ती लवकर सडते, दुर्गंधी येते आणि पाणी दूषित होते.

विक्रीचा विचार

सणाच्या दिवसांत गावात, तालुक्याच्या बाजारात, औंढा नागनाथच्या यात्रेकरूंमध्ये किंवा हिंगोलीच्या दसरा महोत्सवात ताज्या श्रीखंडाला मागणी असते. महिला बचत गटांनी हे काम हाती घेण्यास वाव आहे. त्यासाठी खर्चाचा हिशोब असा मांडावा. खालील दर उदाहरणादाखल धरले आहेत, आपापले दर घालून आकडे पुन्हा काढावेत.

म्हशीचे दूध १० लिटर, ६० रुपये दराने : ६०० रुपये

साखर २.७ किलो, ४५ रुपये दराने : १२२ रुपये

इंधन : ३० रुपये

वेलची, केशर, जायफळ : ६० रुपये

अर्ध्या किलोचे १२ डबे : ६० रुपये

मजुरी : १५० रुपये

एकूण : १,०२२ रुपये

तयार श्रीखंड ६.३ किलो होते. भांड्याला आणि पुरणयंत्राला लागून जाणारे वजा करता ६.१ किलो हाती येते. म्हणजे किलोस सुमारे १६८ रुपये उत्पादन खर्च पडतो. त्यावर आपला नफा धरून दर ठरवावा. घरच्या दुधाचा आणि घरच्या माणसांच्या मजुरीचा खर्च हिशोबात धरला नाही तर धंदा फायद्यात वाटतो, पण प्रत्यक्षात घर तोट्यात जाते.

येथेच एक मोह पडतो. तेच १० लिटर दूध घेऊन चक्का ४.५ किलोवरच उतरवला आणि त्यात तेवढीच साखर घातली, तर ६ ऐवजी ९ किलो श्रीखंड दिसते. खर्चही किलोमागे कमी वाटतो. पण दुधाचा कस तेवढाच आहे. हिशोब केला तर अशा श्रीखंडाच्या कोरड्या भागात साखर जवळपास ८० टक्के भरते आणि दुधाची प्रथिने साडेसहा टक्क्यांच्या आतबाहेर येतात. म्हणजे ते नियमाच्या दोन्ही अटींना उतरत नाही, लवकर पाणी सोडते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या सणाला पुन्हा येत नाही. वाढलेले तीन किलो म्हणजे विकलेले पाणी आणि साखर होय.

विक्री सुरू करण्यापूर्वी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्यावी. डब्यावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा. पहिल्या एक-दोन खेपांचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्यास आपले प्रमाण बरोबर आहे की नाही याची खात्री होते. प्रशिक्षण व सल्ल्यासाठी तोंडापूर (ता. कळमनुरी) येथील कृषि विज्ञान केंद्राशी किंवा वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ, परभणी येथे संपर्क साधावा.

सारांश

१) निरोगी जनावराचे ताजे, पाणी न घातलेले दूध घ्यावे आणि उकळीनंतर सात-आठ मिनिटे तापवावे.

२) दही लागताच थंड करावे व रात्रीच्या गारव्यात आठ ते दहा तास टांगावे.

३) चक्का वजन करून तपासावा. म्हशीच्या १० लिटर दुधास सुमारे ३.६ किलो, गाईच्या दुधास सुमारे २.७ किलो.

४) एक किलो चक्क्यास ७०० ते ७५० ग्रॅम साखर घालावी. समभाग साखरेची पद्धत सोडावी.

५) दूध तापवल्यानंतर पुन्हा आच नाही, हे लक्षात ठेवून हात, फडके आणि भांडी स्वच्छ ठेवावीत.

६) निवळी त्याच दिवशी उपयोगात आणावी.

दूध आपल्या गोठ्यातले आहे, सणही आपलाच आहे. येत्या सणाला पाच लिटर दुधापासून सुरुवात करावी. दूध, चक्का, साखर आणि तयार श्रीखंड यांची वजने वहीत लिहून ठेवावीत. दोन-तीन खेपांच्या नोंदी हाती आल्या की आपल्या जनावरांच्या दुधाला किती चक्का पडतो आणि किती वेळ टांगावे लागते, हे ज्याचे त्याला कळेल. त्यानंतरच विक्रीसाठी जास्त दूध घ्यावे.